सत्तेचाळीस नंबरचा वाचक

संशोधन जनतेपर्यंत पोचलं की समाज निरोगी होतो. मेडिकल कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर हे सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे. त्याच भिंतीला टेकून पेशंटचे नातेवाईक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात.

सोमवारी सकाळी लायब्ररीतला फोन वाजला. ग्रंथपाल प्रेमलताबाई दचकल्या. तो चालू आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"ताबडतोब या," डीनसाहेब म्हणाले. "आपल्या संशोधन सहायक हिमानीच्या पेपरचा आकडा तीनवरून एकशे चौऱ्याण्णववर गेलाय. दोन दिवसांत!"

हा आकडा लोकांचं लक्ष मोजतो. लेखाची लिंक कोणी इंटरनेटवर जाहीरपणे टाकली, की तो वाढतो. लेख वाचला का, हे तो विचारत नाही. कॉलेजचा आजवरचा विक्रम सहा होता. त्यातले चार लेखकाचे साडू.

केबिनमध्ये हिमानीचे विभागप्रमुख डॉ. मधुकरराव बसले होते. चेहरा सुतकी.

"बनावट खाती आहेत. जर्नलची तक्रार आलीय. पोरगी हुशार, पण घाई फार," ते म्हणाले. "पाच वाजता समिती बसते. नोकरी जाणार तिची."

"पोस्टमध्ये लिहिलंय काय?" बाईंनी विचारलं.

"लिंक आणि एक नंबर. सत्तेचाळीस. एकशे अठरा. नऊ. माणूस असं लिहितो का?"

बावीस वर्षं पुस्तकं क्रमाने लावणाऱ्या बाईंनी पोस्टही क्रमाने लावल्या. एकही नंबर दुबार नव्हता. दोनशे बाराच्या वर एकही नव्हता. मग कॉलेजात कोणीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पेपर उघडला. विषय होता, शहराबाहेरच्या वाडी गावातल्या दोनशे बारा ट्रक ड्रायव्हरांची रक्तातली साखर.

हिमानी जिन्यात रडत बसली होती.

"हे नंबर कोणाचे गं?"

"ड्रायव्हरांचे! मला पोस्ट दाखवल्याच नाहीत कोणी. नुसतं चोर म्हणाले."

"त्यांचे फोन नंबर तुझ्याकडे?"

"नाही मॅडम. माझ्याकडे फक्त नंबर आणि साखर. नावं, फोन सरांच्या कपाटात. नियमच आहे, मला माणूस कळता कामा नये."

दुपारी पोस्टच्या खात्यावरचं नाव घेऊन बाई वाडीत पोचल्या. तीन गोदामं, दोन चुकीचे पत्ते आणि पाऊण तास उन्हात उभं राहिल्यावर सत्तेचाळीस नंबर सापडला. रुपराव. ट्रकच्या सावलीत पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. शेजारी दोन रिकाम्या.

"भाऊ, हा लेख तुम्ही टाकला?"

"लेख काय हाय, मले का मालूम? सारा इंग्लिश हाय. मी तं माहा रिपोर्ट पाहून राहिलो."

"कसला रिपोर्ट?"

"रक्ताचा. सव्वा वर्स झालं. डॉक्टर म्हणे, हप्त्यात देतो. आता मेसेज आला. लिंक टाका, आपला नंबर लिहा, रिपोर्ट येते. टाकला. काहून नाही येऊन राहिला, मॅडम?"

मेसेज ज्या फोनवरून आला, तो नंबर त्यांनी उतरवून घेतला.

पाच वाजता समिती बसली. समोसे आधीच संपले होते.

"खाती खरी आहेत," बाई म्हणाल्या. "माणसं आपापला रिपोर्ट मागताहेत. त्यांना मेसेज करायचा तर फोन नंबर हवेत. ते हिमानीकडे कधीच नव्हते. ज्याच्याकडे होते, त्याने मेसेज केला."

त्यांनी कागदावरचा नंबर फिरवला. मधुकररावांच्या खिशात आरती सुरू झाली. पहिलं कडवं सगळ्यांनी ऐकलं. दोघं उठून उभे राहिले.

"विभागाचा आकडा शंभरावर न्यायचा होता," मधुकरराव शेवटी म्हणाले. "गौरव समारंभ आहे ना."

"आणि हिमानीवर आळ?"

"तक्रार आल्यावर कोणीतरी लागतंच."

हिमानीला काढण्याची नोटीस डीनसाहेबांनी फाडली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माणसं खरी! मग आकडा राहील ना आपला?"

बाईंनी कपाटाची किल्ली मागून घेतली. आत दोनशे बारा पाकिटं होती, सगळी बंद.

सत्तेचाळीस नंबरच्या पाकिटात उपाशीपोटी साखर तीनशे अठ्ठेचाळीस होती. तारीख गेल्या वर्षीची.