खुर्चीत मोजलेला गुडघा

पडद्यावरची सुलक्षणा टेकवडे सातव्यांदा मागे कलंडली आणि खरी सुलक्षणा भडकली.

"सर, ती मी नाहीच! मी अशी बदकन आपटत नाही कधी."

डॉ. देशमान्यांनी मानही वर केली नाही. २०४१ सालापासून खो-खोच्या मैदानात उतरायला त्यांच्या गतिशास्त्र प्रयोगशाळेचा परवाना लागत होता. खेळाडूचं संगणकात हुबेहूब प्रतिरूप उभं करायचं, त्याला उकिडवं बसवायचं आणि 'खो' द्यायचा. प्रतिरूप उठलं तर परवाना, नाहीतर घरी. सुलक्षणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते, आणि राज्य संघाची यादी आज पाचला बंद होणार होती.

"हे बघ," देशमाने म्हणाले, "मांडीचा स्नायू ओढला की गुडघा सरळ करणारा जोर तयार होतो. आम्ही त्याला वळणबल म्हणतो. गुडघा किती दुमडलाय त्यावर ते बदलतं. तुझं कमी भरतंय, त्याला मी काय करू?"

"मोजलंत कुठे?"

"त्या खुर्चीत."

मोटर आणि पट्टे लावलेली ती खुर्ची तिला चांगली ठाऊक होती. तिच्यात गुडघा काटकोनापर्यंत दुमडायचा. त्यापुढे सोयच नव्हती.

"आणि टाच ढुंगणाला टेकते तिथलं वळणबल?"

देशमाने किंचित घुटमळले. "तिथला आलेख सगळ्यांचा सारखा धरतो. खुर्चीत ज्याचा जोर जास्त, त्याचा तिथेही त्याच प्रमाणात जास्त."

"धरता? अहो, नऊ वर्षं मी उकिडवी बसून उठतेय! स्नायू राबतो तिथेच तयार होतो ना? मग माझा आलेख दुसऱ्या कुणासारखा कसा असेल?"

असं म्हणून ती तिथल्या तिथे उकिडवी बसली आणि उठली. एकदा नाही, वीसदा. धापसुद्धा लागली नाही. राग मात्र चांगलाच आला होता.

"नियम प्रतिरूपाचा आहे, बाई. तुझ्या बैठकांचा नाही."

"तुमचं प्रतिरूप आहे का यात?"

होतं. यंत्र तपासायला ते दर सोमवारी स्वतःचंच वापरत. रोज सकाळी व्यायामशाळेत पायांनी वजनं ढकलणारे देशमाने खुर्चीत निम्म्या खेळाडूंना भारी पडत, आणि हे सांगायला त्यांना आवडायचंही. त्यांनी ऐटीत कळ दाबली आणि पडद्यावर त्यांचं प्रतिरूप उकिडवं बसलं.

"आता तुम्हीही बसा," सुलक्षणा म्हणाली. "का भीती वाटते?"

बावन्न वर्षांच्या माणसाला हे झोंबणारच. त्यांनी विजारीच्या घड्या वर ओढल्या, खुर्चीचा आधार घेत ते खाली वाकले आणि उकिडवे बसले. सुलक्षणा त्यांच्या पाठीमागे गेली.

"खो!"

पडद्यावरचे देशमाने ताडकन उठून धावत सुटले. जमिनीवरच्यांनी एक जोर लावला, दुसरा लावला. टाचा उचलल्या, गुडघे थरथरले आणि ते बदकन मागे बसले.

पडद्यावरचे देशमाने तोवर खांबाला वळसा घालून परतले होते.

"हात दे गं जरा," शेवटी जमिनीवरचे पुटपुटले.

सुलक्षणाने आधी परवान्याचा कागद पुढे केला. देशमान्यांनी जमिनीवर बसूनच सही केली. 'मोजणीची पद्धत' या रकान्यात 'खुर्ची' असं छापलेलं होतं, तिथे मात्र पेन थांबलं.

"इथे काय लिहू?"

"खुर्ची खोडा," ती म्हणाली, आणि मग हात दिला.