फक्कीची पांढरी रेघ

गुरुप्रसाद मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो घोटाभर पाण्यात उभा होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी स्कूटीवरून मासळी लिलावाच्या शेडकडे निघाले होते. किनाऱ्यावर एक उंच माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकला होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि मागून हळूहळू चढत येणारं पाणी...

"ओ दुर्बीणवाले! भरती इली! मागे सरा!"

त्याने मागे न बघताच एक बोट वर केलं. एक मिनिट.

समुद्र कुणाला मिनिट देतो? पुढची लाट आली ती त्याने वाळूवर काढून ठेवलेले बूट घेऊनच परतली. तिपाई कलली. मी स्कूटी तशीच टाकून धावले, तिपाईचा एक पाय पकडला, त्याने दुर्बीण छातीशी धरली, आणि आम्ही दोघं कसेबसे कोरड्या वाळूवर आलो.

"तुम्ही एवढ्या जोरात ओरडता..." तो धापा टाकत म्हणाला, "मला वाटलं मासे विकताय."

"आई विकते. मी नगरसेविका आहे. प्रभाग सहा, खाजणवाडा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चिखलाने भरलेली सलवार, विस्कटलेले केस. मग तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. दुर्बिणीची सवय असावी.

"गुरुप्रसाद. बांद्याचा. जमिनी मोजतो."

"आणि बूट पाण्यात सोडतो."

अनवाणी माणसाला तापल्या डांबरावरून चालायला लावणं बरं दिसलं नसतं. मी त्याला चपला घ्यायला बाजारात सोडते म्हटलं. फक्त वाटेत शेडपाशी दोन मिनिटं थांबावं लागणार होतं, कारण तिथल्या फळ्यावर मी रोज सकाळी प्रभागाच्या बातम्या लिहायची. पाणी किती वाजता येणार, गटार कधी उपसणार, सभेत काय विषय आहेत... निवडणुकीत मी एकच वचन दिलं होतं. तुमच्यापासून काही लपणार नाही. अकरा मतांनी निवडून आले होते.

तो फळा वाचत राहिला. मग म्हणाला, "सगळं आहे. पण रस्त्याचं काहीच लिहिलं नाहीत?"

"कुठल्या रस्त्याचं?"

"बारा मीटरचा. विकास आराखड्यात आहे ना, तुमच्या वाडीतून जाणारा. मी ज्यांची बाग मोजतोय त्यांच्याकडे नकाशा पाहिला. हरकती घ्यायला महिन्याची मुदत असते... आता अकरा दिवस उरलेत."

माझ्या हातातला खडू मोडला. तुमच्यापासून काही लपणार नाही, असं म्हणणाऱ्या मलाच माझ्या वाडीतून जाणारा रस्ता ठाऊक नव्हता! राग आला. स्वतःचा आला, पण समोर तो होता.

"चपला तुमच्या तुम्ही घ्या," असं म्हणून मी स्कूटी थेट नगरपरिषदेकडे वळवली.

नकाशा होता. जिन्याखालच्या कपाटामागच्या भिंतीवर, चार टाचण्यांनी लावलेला. मी फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी अंगठे पाठवले. कुणालाही काही कळलं नव्हतं.

माझे आजोबा ज्यांच्या होडीवर जायचे ते सहदेव तांडेल शेडमध्ये आले. फोन त्यांनी हातभर लांब धरला, जवळ आणला, परत दिला.

"बाय, आमका ह्या रेघांतला काय कळना नाय. तू आमका जागो दाखव."

जागा दाखव! मग गुरुप्रसादचा नंबर शोधला. बांद्यात जमिनी मोजणारे तिघंच होते, दुसरा फोन त्याला लागला.

"नकाशावरची रेघ जमिनीवर काढता येते का? खरीखुरी, बारा मीटरची?"

"येते." तो थांबला. "पण मी ज्यांचं काम करतोय, त्यांनाच तो रस्ता हवाय. मी तुमच्यासाठी रेघ मारली, तर..."

"तर काम जाईल."

"हो."

"मग नको," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दार उघडलं, तर अंगणात तो उभा. खांद्यावर तिपाई, पायात नव्या निळ्या चपला, आणि बाजूला फक्कीच्या चार गोणी. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा आखतात ती पांढरी भुकटी.

"तुमचं काम...?"

"गेलं. काल संध्याकाळी मीच सांगून टाकलं त्यांना." त्याने खांदे उडवले. "आता मोकळा आहे. कुठून सुरुवात करायची, नगरसेविकाबाई?"

त्या सकाळी खाजणवाड्यात चूल पेटली नाही. आरसा लावलेली मोजणीची काठी आमच्या शेजारच्या काशीबाईने धरली, कारण तिला कुणी नाही म्हणायची हिंमत केली नाही. तो दुर्बिणीतून हाताने खूण करायचा, ती कंबर लचकवत सरकायची, आणि मी रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्की टाकत जायची. मागून सगळी वाडी. रेघ शेडच्या कोपऱ्यातून निघाली, जाळी सुकवायच्या मोकळ्या जागेतून गेली, विहिरीला घासली, सात घरं कापली... आणि काशीबाईच्या पडवीतून आत शिरली.

काशीबाई दोन रेघांच्या मधोमध उभी राहिली. "म्हंजे, माझ्या चुलीवरसून गाडये जातले?"

फोनवर सगळ्यांनी अंगठे दिले होते. जमिनीवर पाहिल्यावर प्रत्येकाला आपापलं दार दिसत होतं.

सहदेव आबा मात्र रेघेवरून सरळ पुढे चालत गेले, समुद्राकडच्या टोकापर्यंत. तिथे उभे राहून हसायला लागले. "अरे, हंय उधाणाचा पाणी येता! रस्तो कोणासाठी बांधतत, बांगड्या-सुरमयांसाठी?"

मग एकेक जण बोलू लागला. पाणी कुठवर येतं, कुठल्या अमावास्येला येतं, खाजणाच्या खाऱ्या दलदलीमागचा जुना बांध कसा कोरडा राहतो, त्याच्यावरून पूर्वी बैलगाड्या कशा जायच्या. बांधाची जमीन सरकारी, मधे एकही घर नाही. गुरुप्रसाद सगळं टिपून घेत होता. दुपारपर्यंत त्याने बांधही मोजला.

"रस्ता बसतो," तो म्हणाला. "पुरे बारा मीटर बसतात."

त्याच्या भुवयांवर फक्की साचली होती. मी ओढणीच्या टोकाने पुसली. पुसून झाल्यावर लक्षात आलं की वाडी बघतेय...

पुढचे नऊ दिवस शेडमध्ये टेबल मांडून आम्ही हरकती लिहून घेतल्या. छापील एकही नाही, प्रत्येकाची त्याच्या शब्दांत. तो नकाशा जोडायचा, मी सही घ्यायची. अधूनमधून मान वर केली की त्याची मान खाली जायची.

"तुम्ही बांद्याचे ना?" मी एकदा विचारलं. "घरीसुद्धा असंच पुस्तकातलं बोलता?"

"घरी मालवणी. कामावर हे."

"मग माझ्याशी?"

"तुमच्याशी मालवणीत बोललो तर..." तो पेनाचं टोपण लावत, काढत राहिला. "तर नको ते बोलून जाईन."

"उदाहरणार्थ?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुणा बाईच्या नळाला पाणी नव्हतं. त्या बाईला मी कधीच माफ केलेलं नाही.

चारशे बारा हरकती झाल्या. शेवटच्या दिवशी मुदत संपायच्या तासभर आधी आम्ही त्या जमा केल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "उर्वशी... मला तुमच्याशी जरा एकांतात बोलायचंय."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. मला हो म्हणायचं होतं. पण त्याच सकाळी बाजारात मी ऐकलं होतं. नगरसेविका त्या मोजणीवाल्याबरोबर फिरते, त्यानेच तिला पाहिजे तशी रेघ मारून दिली म्हणे. आईनेही ऐकलं होतं. आई, पद्मावती, बाजारात बसते, तिच्या कानावर सगळं आधी जातं. "बांद्याच्या मास्तराचा घर ता," गुरुप्रसादच्या घराबद्दल ती एवढंच म्हणाली होती. "तेंका आमच्या माशांचो वास सोसतलो?"

"सुनावणी होईपर्यंत येऊ नका," मी त्याला म्हटलं. "ते म्हणतील, हरकती खोट्या. लोकांचं काम माझ्यामुळे बुडायला नको."

त्याचा चेहरा जरासा उतरला. "आणि एकांतात बोलायचं ते?"

"मी एकांतात काही ऐकत नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे."

"बरं," तो म्हणाला. तिपाई उचलली आणि निघाला. पाठमोरा तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. फळ्यावर त्या दिवशी मी पाण्याची वेळ चुकीची लिहिली.

सुनावणी पाच आठवड्यांनी, वैशाखाच्या अमावास्येला. एवढ्या दिवसांत त्याचा एक फोन नाही, निरोप नाही. मीच सांगितलं होतं ना? तरी रोज फोन बघायची.

नियोजन समितीसमोर खाजणवाड्यातून दोनशे माणसं आली. खुर्च्या संपल्या, जिना भरला, फाटकापर्यंत बायका उभ्या राहिल्या. काशीबाईने आपली हरकत स्वतः वाचून दाखवली, जन्मात पहिल्यांदा माइकवर. अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवलं. "भरतीची ही रेषा तुम्ही लोकांनीच ठरवलीत. पाणी खरंच इथवर येतं, याला पुरावा काय?"

मी तोंड उघडणार, तोच सहदेव आबा उठले. नगरपरिषदेत ते सांभाळून शुद्ध बोलले. "साहेब, आज अमावास्या. बारा वाजता पूर्ण भरती. चालत गेलो तर दहा मिनिटं."

साहेबही गमतीचा माणूस असावा. उठले. त्यांच्या मागे समिती, समितीच्या मागे दोनशे माणसं. फक्कीची रेघ केव्हाच उडून गेली होती, पण तिच्या जागी आम्ही बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा समुद्र खुंट्यांपासून चार पावलं लांब होता. वाडी श्वास रोखून उभी. तीन पावलं. दोन... मग एक लाट आरामात चालत आली, पहिल्या खुंटीला वळसा घालून आत शिरली आणि साहेबांच्या पायांवरून परत गेली.

साहेबांनी ओल्या बुटांकडे पाहिलं. "बांधाकडून रस्ता नेण्याची शिफारस करतो आम्ही," ते म्हणाले. "नोंद घ्या."

काशीबाईने जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या वाडीतही ऐकू गेली असेल. बायकांनी फेर धरला, भर उन्हात. मला कुणी उचललं ते आठवत नाही. आठवतं एवढंच, की त्या सगळ्या डोक्यांवरून मी एक निळा शर्ट शोधत होते, आणि तो कुठेच नव्हता.

नगरपरिषदेच्या सभेने तेरा विरुद्ध चार मतांनी बदल मंजूर केला. त्या शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये प्रभागाची बैठक होती. पाय ठेवायला जागा नव्हती. मी ठराव वाचला. टाळ्या थांबेनात. मग नेहमीसारखं विचारलं, "आयत्या वेळचे काही विषय?"

मागून एक हात वर आला.

निळा शर्ट. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या.

"प्रभागाबाहेरच्यांना..." माझा आवाज मलाच ओळखू येईना, "प्रभागाबाहेरच्यांना बोलता येतं का, बघावं लागेल."

"येता, येता!" काशीबाई ओरडली. "बोल रे झिला!"

तो पुढे आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वाडीकडे, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर आपल्या घरच्या भाषेत बोलला.

"माझो विषय एकच आसा. माका तुमची नगरसेविका आवडता." काशीबाईने शेजारणीला कोपर मारलं. "तिका एकांतात सांगूक गेलंय, तर तिना माका थांबयल्यान. एकांतात ती काय आयकना नाय. म्हणान... हंय सांगतंय. सगळ्यांसमोर."

हशा उसळला, आणि लगेच थांबला. कारण माझी आई उठली होती.

"घर खंय करतलास?" तिने विचारलं.

"हंयच. कामाक माका सगळो जिल्हो सारखोच. हिका पाच वर्षां हंयसून हलूक येवचा नाय, ता माका ठाऊक आसा."

"आणि आमच्या माशांचो वास?"

तो हसला. डावा डोळा जरा जास्त मिटला. "माझ्या आयेक विचारलंय. ती म्हणता, ताजे मासे रोज गावतले तर वास कोण बघता?"

आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. ती खाली बसली एवढं खरं.

आता सगळी वाडी माझ्याकडे वळली. गटाराचं, दिव्याचं, पाण्याचं, कशाचंही उत्तर मी उभ्या उभ्या द्यायची. आणि आज मी हातातल्या ठरावाची घडी घालत, उलगडत राहिले.

"मतदान घेवया काय?" कुणीतरी ओरडलं.

"ह्या विषयाक मतदान नाय," मी म्हटलं. ठराव टेबलावर ठेवला, ओट्यावरून खाली उतरले, गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या जवळून त्याच्या गळ्याशी उडणारी शीर दिसत होती. म्हणजे तोही घाबरला होता! मग मला धीर आला. मी त्याचा हात धरला.

"माका तू होयो," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुढे जो गोंगाट झाला त्यात पत्रे वाजले, शिट्ट्या झाल्या, काशीबाई पुन्हा एकदा ओरडली. त्याने मला काहीतरी उत्तर दिलं, ओठ हलताना दिसले, पण त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नाही. हात मात्र त्याने सोडला नाही.