वापरणारे: एक

दूर शिकून परतताना तिला वाटलं होतं, इथे सगळं शून्यापासून उभारावं लागेल. निघालं भलतंच. नाडी मोजणारी यंत्रं बनवणारा छोटासा कारखाना, चोख काम, आणि साठीचे मास्तर, जे पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाईसाहेब, जग नंतर सुधारा. आधी हात धुवा."

उद्या तिच्या सहीनं चाळीस यंत्रं इस्पितळात जायची होती.

चाचणीची खोली बिनखिडकीची, भिंतींना जाड स्पंज. दार लावलं की भर दुपारीही आपलाच श्वास परका वाटे. वायरी जोडायच्या डाखाचा उग्र वास कोंडलेला. तिनं शेवटच्या, चाळिसाव्या यंत्राचा चिमटा बोटाला लावला. बहात्तर. मग वायर उपटली.

पडद्यावर बहात्तरच.

"मास्तर, वायर माझ्या हातात आहे!"

"असू दे की. मीच तसं लिहिलंय. पडदा कोरा झाला की नर्सबाई घाबरतात. म्हणून चूक आली की ड्रायव्हर गुपचूप आधीचा आकडा देतो."

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि पडदा यांच्यातला दुभाषा. हा दुभाषा बिनदिक्कत थापा मारत होता.

"अहो, वायर निसटली आणि पेशंट गेला, तरी पडदा बहात्तरच म्हणेल!"

मास्तरांचं हसू मावळलं. "हे... माझ्या डोक्यातच आलं नाही गं, पोरी."

तेवढ्यात आकडा हलला. सत्तर. मग सदुसष्ट.

"आधीचा आकडा... कमी कसा होईल?"

"वायर नीट बघ."

वायर तिच्या मुठीतच होती, टोक मोकळं.

भीती गिळून तिनं कोड उघडला आणि ती थापाडी ओळ काढून टाकली. आता चूक लपवायची नाही, वर कळवायची. पडद्यावर रेघा, खणखणीत घंटा. मग ड्रायव्हरनं यंत्राच्या स्मृतीत घेतलेली जागा उलट्या क्रमानं, शेवटची आधी, परत करायची. एकोणचाळीस यंत्रांत नवा ड्रायव्हर घातला, एकेकाची वायर उपटली. रेघा! घंटा! मास्तर लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "वाजव, वाजव! कान फुटू देत!"

उरलं चाळिसावं. त्यातलाही जुना ड्रायव्हर आधी काढायला हवा होता. तिनं सगळं बंद केलं, आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर उमटलं: काढता येत नाही. वापरात आहे. वापरणारे: एक.

"एक कोण?" मास्तर कुजबुजले. "मी तर लांब उभा आहे."

"मी पण..."

"मग ओढून काढ ना जबरदस्तीनं."

"नाही मास्तर. कोणी वापरत असताना त्याच्या पायाखालची जागा काढून घेतली, की पुढे काय होईल ते कोणीच सांगू शकत नाही. आपण थांबायचं."

खोलीला कुलूप लावून दोघं बाहेर चहाला बसले आणि विनाकारण मोठमोठ्यानं बोलत राहिले.

सकाळी तिनंच कुलूप काढलं. आत डाखाचा वास नव्हता. नुकत्याच पुसलेल्या फरशीचा, औषधांचा, इस्पितळाचा होता.

पडद्यावर होतं, वापरणारे: दोन.

मास्तर दारातच थबकले. "गाडी आलीये बाहेर... काय सांगू?"

तिनं एकोणचाळीस यंत्रांवर सही केली. चाळिसाव्याच्या अंगावर कागद चिकटवला: वापरात आहे, बंद करू नये.

"किती दिवस ठेवायचं?"

ती हलकेच दार ओढून घेत म्हणाली, "ते दोघं सोडतील तोवर."