दोनशे एक नंबरचा पाहुणा

भर दुपारी दिवाणखान्यातले दिवे आपोआप लुकलुकू लागले आणि मुख्य दाराचं कुलूप खट्कन उघडलं. केतकी जावडेकर दचकली. नाशिकच्या या फ्लॅटमधली सगळी यंत्रं राउटरच्या हुकमात होती. म्हणजे कुणीतरी आत शिरलं होतं! आतल्या खोलीत तिचे वडील, तात्या, वामकुक्षी घेत होते. नुकताच त्यांच्या छातीत हृदयरक्षक, म्हणजे ठोक्यांवर लक्ष ठेवणारं यंत्र, बसवला होता. ते घाबरतील म्हणून तिने त्यांना उठवलं नाही. वरच्या मजल्यावरच्या विश्राम तांडेलला बोलावलं; जालसुरक्षा हाच त्याचा धंदा.

"सगळे हुकूम एकाच पत्त्यावरून येताहेत," विश्राम म्हणाला. "शेवटचा आकडा दोनशे एक."

"आमची यंत्रं सगळी पन्नासच्या आत. हा आमचा नाही."

"मग उपजाळं, म्हणजे सबनेट, लहान करू. कोण घरातलं, कोण बाहेरचं, हे त्याचा जाळमुखवटा, म्हणजे मास्क, ठरवतो. त्यात शेवटी शून्याऐवजी एकशे अठ्ठावीस घातले की घर निम्मं होतं: एकशे सत्तावीसपर्यंतचे पत्ते आत, पुढचे बाहेर. पलीकडचा कितीही ओरडला तरी राउटर त्याला दाद देणार नाही. पासवर्ड मग सावकाश बदलू."

केतकीने लावून घेतलेलं दार पुन्हा उघडलं. कोण येणार होतं या दारातून?

"घाल लवकर!"

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. दिवे शांत झाले, दार मिटलं. केतकीच्या जिवात जीव आला. आता तात्यांना चहाला उठवायला हरकत नव्हती.

त्यांच्या खोलीच्या दारावर मनमाडच्या रेल्वे क्वार्टरची लोखंडी पाटी होती. निवृत्त झाल्यावर तात्यांनी ती हौसेने काढून आणली होती. रोजची म्हणून तिच्याकडे आता कुणी बघतही नसे. आज केतकीने बघितलं. २०१.

हॉस्पिटलातून येताना तात्या टॅक्सीत सांगत होते, "यंत्राला घरच्या वायफायवर कायमचा पत्ता लागतो म्हणे. म्हटलं, आमच्या क्वार्टरचाच नंबर द्या की! हृदय अडखळलं तर ते दिवे लावून घरच्यांना हाक मारतं, ॲम्ब्युलन्स बोलावतं, त्यांच्यासाठी दारही उघडतं." केतकी फोनवर ऑफिसचं बोलत होती. तिने नुसतं "हो हो, तात्या" म्हटलं होतं.

तिने दार ढकललं. तात्यांचे ओठ निळे पडले होते.

"विश्राम, पहिल्यासारखं कर!" ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी तात्यांची छाती दाबू लागली.

थोड्या वेळाने दिवे लुकलुकले. मुख्य दार सताड उघडलं. केतकी छाती दाबत त्या उघड्या दाराकडे डोळे लावून होती. कुणीतरी यावं, कुणीही यावं. जिन्यावर अजून कुणाचीच पावलं वाजत नव्हती.