पोट काय म्हणतंय?

“पोटालापण झाडू लागते गो पोरी... पालाभाजी टाकू नको.”

हव्वाबीचा आवाज. मूळची रत्नागिरीची हव्वाबी शारजात, अल मजाजला, इराच्या शेजारच्या दारात राहायची, आणि शाळेतून आलेल्या इराला मेथी भरवता भरवता हे ऐकवायची. किती वर्षं लोटली त्याला. आज तो आवाज इराला आठवला तो जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत, मायक्रोवेव्हसमोर, पोटावर हात ठेवून उभी असताना.

डॉक्टरांनी थोडे दिवस धान्य बंद करून पाहायला सांगितलं होतं. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी नाही. इराला वाटलं, सोप्पं आहे, उपवासाचं खायचं. सकाळी बटाटा, दुपारी भगर, रात्री साबुदाणा. आणि पोट... पोट असं रुसून बसलं होतं, की हूं की चूं करायला तयार नव्हतं.

“आज चतुर्थी आहे का?”

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गळ्यातल्या कार्डावर नाव — निनाद. अकाउंट्समध्ये नवा आलेला म्हणतात तो हाच तर...

“नाही. ग्रेन-फ्री डाएट.”

“मीपण. कायमचाच. मला धान्य सोसत नाही.” त्याने तिच्या डब्यात डोकावलं. “पण ही भगर ना?”

“हो. उपवासाला चालते, म्हणजे धान्य नाही.”

“ते देवाला. देव चालवून घेतो, डॉक्टर नाही घेणार. भगर धान्यच आहे, मॅडम.”

हसू त्याने ओठांत दाबलं होतं, पण डोळ्यांत ते मावत नव्हतं.

“आणि साबुदाण्यात फायबर नावालाही नाही. बटाटा खात असाल तो साल काढून. धान्याबरोबर चोथाही सुटतो हो, तो दुसरीकडून भरून काढावा लागतो. पोट काय म्हणतंय?”

इराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “पहिल्या भेटीत मुलीला विचारायचा प्रश्न आहे हा?”

“मग हवापाणी विचारू? बाहेर ऊन आहे. झालं. आता सांगा.”

“...परवापासून काहीच म्हणत नाहीये.”

तो हसला नाही. त्याने आपला डबा तिच्यापुढे सरकवला. गवारीची भाजी, चवळीची उसळ, जवसाची चटणी, सालासकट पेरूच्या फोडी. “पण हळूहळू हां. आणि पाणी भरपूर. एकदम तुटून पडलात तर—”

ती तुटून पडली. घरी जाऊन वाडगाभर राजमा, वर मुठीने जवस. दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या मीटिंगमध्ये, सगळे चिडीचूप असताना, इराचं पोट बोलायला लागलं. लांबलचक, चढत्या सुरात. शेजारच्या उमैमाने हळूच विचारलं, “वॉज दॅट यू?” तेवढ्यात समोर निनादची खुर्ची करकरली. पुन्हा पोट, पुन्हा खुर्ची. शेवटी क्लायंटच म्हणाला, “हबीबी, खुर्ची बदलून घे.”

“थँक्स,” ती नंतर म्हणाली. “खुर्चीबद्दल.”

“कसली खुर्ची?” तो म्हणाला, आणि इराच्या काळजात काहीतरी अलगद हललं...

मग रोज दुपारी खिडकीजवळचं टेबल, खाली तळ्यातलं कारंजं. तो भेंडी आणायचा, ती दोडक्याच्या शिरांची चटणी. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, कळलंही नाही. डब्याचं झाकण उघडताना बोटाला बोट लागायचं आणि दोघंही खिडकीबाहेर बघायची — तिथे काही नसताना.

एकदा बोलता बोलता तो म्हणाला, “एक होती. म्हणायची, मला काय, मी सांभाळून घेईन. मग एके दिवशी म्हणाली, जन्मभर दोन स्वयंपाक माझ्याने नाही व्हायचे. खलास.” हसत म्हणाला, पण हातातला बदाम खायचा राहून गेला.

आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी इराला सांगितलं, धान्याचा काही दोष नाही, कॉफी कमी करा. खुशाल खा सगळं.

तिने निनादला सांगितलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, सुटलीस, जा. घरी रात्री वासंतीच्या, तिच्या आईच्या, हातच्या पोळ्या. दुपारी इथे भेंडी. प्रत्येक घास गोड, आणि प्रत्येक घासाला खडा.

एका शुक्रवारी निनाद आला तो डबा न उघडताच बसला.

“सोमवारपासून मी डेस्कवरच जेवणार आहे.”

“का?”

“आज ना उद्या डॉक्टर तुला मोकळं करतील. मग तू त्या मोठ्या टेबलावर, बिर्याणीवाल्यांत. मी आत्तापासून सवय करतो.”

“फार घाई बाबा तुला.”

“घाई नाही गं. अनुभव.”

तो उठला. इराने त्याची दुमडलेली बाही धरली. आता नाही तर कधीच नाही.

“बस. डॉक्टरांनी मला कधीच मोकळं केलंय. महिना होत आला. काल रात्री तूप लावून पोळ्या खाल्ल्यात मी, पोटभर.”

त्याचा चेहरा उतरला. “मग रोज इथे... माझी कीव करायला यायचीस?”

“कीव येते म्हणून कुणी पहाटे उठून गवार मोडतं का रे?” तिच्या हातून बाही सुटत नव्हती. “मला तू आवडतोस, निनाद... किती दिवसांपासून आवडतोस.”

तो परत खाली बसला, आणि न उघडलेला डबा उघडून त्याने दोघांच्या मधोमध सरकवला.