सहावं नाव

डाळीची पोती बघून यायची, एवढंच तर काम होतं. त्यात घाबरण्यासारखं काय असणार? सोमनाथ मयेकर भर दुपारी कॅम्पच्या फाटकाबाहेर पडला तेव्हा त्याच्या खिशात पेन होतं, हातात कोरा कागद होता आणि डोक्यात गावाकडची बायको होती.

सत्त्याण्णवचा ऑगस्ट. अमिरातीतल्या खोर फक्कान बंदराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी चाळीस कामगारांचा कॅम्प होता. सोमनाथ तिथला टाइमकीपर. रोज पहाटे बसच्या दाराशी उभं राहून एकेक नाव पुकारायचं आणि ‘हजर’ आलं की खूण करायची, ही त्याची नोकरी. माणूस देवगडचा, पण इथं त्याला सोमनाथ म्हणून कोणी ओळखत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कुणा कारकुनानं ‘सोमनाथ रामचंद्र मयेकर’ यातलं मधलंच नाव उचललं आणि कार्डावर छापून टाकलं. आपल्यात मधलं नाव बापाचं असतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? सोमनाथनं सुरुवातीला कुरकूर केली. मग ‘रामचंद्र’ अशी हाक आली की मुकाट्यानं ओ द्यायची त्याला सवय लागली. बापाच्या नावानं लेक नांदत होता म्हणायचा.

आठवडाभर कॅम्पात डाळीवरून धुसफूस चालली होती. डाळीत खडे, डाळीत किडे. शेवटी काल संध्याकाळी जालन्याचा समाधान त्याच्याकडे आला.

“रामचंद्रभाऊ, परवापासून आम्ही ताटाला हात लावणार नाही. बसमध्येपण चढणार नाही. तुम्ही आमच्या बाजूनं आहात ना?”

“हो रे, आहे की,” सोमनाथ म्हणाला होता.

आणि आज सकाळी कॅम्प मॅनेजर अहमदनं त्याला ऑफिसात बोलावलं. अहमद हैदराबादचा, बोलायला गोड.

“देखो रामचंद्र, गोदाम में जाके डाल चेक करो, वो तो ठीक है। लेकिन मेरे को पाच नाम होना। लीडर लोगों के। शाम तक। उनका एक्झिट, सीधा गाँव वापस, खलास। और तुम्हारा फॅमिली व्हिसा मैं खुद करवाता, इन्शाल्ला।”

गिरिजा आणि सात वर्षांची समिधा. अकरा वर्षांत सगळे मिळून चौदा महिने एका छपराखाली काढलेले. सोमनाथ नाही म्हणू शकला नाही. हो म्हणायचीही लाज वाटली. म्हणून तो नुसता कागद घेऊन निघाला.

गोदाम समुद्राकाठी, जुन्या दगडी बांधकामाचं. कंपनीच्या आधी ते कुणाचं होतं, कोणाला ठाऊक नव्हतं. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि आत पाऊल टाकलं तर एकदम काळोख. ओल्या तागाचा वास. त्याच्याखाली आणखी एक वास, गंजाचा आणि खाऱ्या पाण्याचा. भरतीचं पाणी भिंतीच्या पलीकडे हळूहळू आपटत होतं.

त्यानं पोतं सोडलं, मूठभर डाळ उजेडाकडे धरली. निम्मे खडेच. त्याला बाप आठवला.

बाप, म्हणजे खरा रामचंद्र, इंग्रजांच्या नौदलात होता. सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईत नाविकांनी बंड केलं. असलं अन्न खाणार नाही म्हणून पोरांनी ताटं ढकलली, इंग्रजांची निशाणं उतरवली. रामचंद्रची बोट तेव्हा आखाताच्या तोंडाशी, याच किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगर टाकून होती. बातमी आली आणि त्या पोरांनीही ताटं ढकलली. गोऱ्या साहेबानं रामचंद्रला एकट्याला केबिनमध्ये बोलावून नावं विचारली. रामचंद्रनं पाच नावं सांगितली. ते पाच जण पुन्हा कधी आपापल्या घरी पोचले नाहीत. मरताना बापानं हे एवढंच सांगितलं, आणि सांगून भिंतीकडे तोंड फिरवलं.

सोमनाथनं पोत्यावर कागद ठेवला. “माझी गोष्ट वेगळी आहे,” तो स्वतःशीच पुटपुटला. “मी कुणाला मारायला देत नाहीये. घरी तर जातील.” आणि त्यानं पाच नावं लिहिली.

लिहून झाल्यावर यादी मोठ्यानं वाचून बघायची, ही त्याची टाइमकीपरची खोड.

“समाधान.”

“हजर.”

पोत्यांच्या मागून आवाज आला. घोगरा, अगदी जवळून. समाधान तर या वेळी धक्क्यावर, जहाजाच्या पोटात काम करत होता. सोमनाथला वाटलं, पोरं लपून मस्करी करतायत. त्यानं हसण्याचा प्रयत्न केला.

“कोण रे तिकडे? …मुरलीधर?”

“हजर.”

हा आवाज दुसऱ्या कोपऱ्यातून. बोलताना तोंडातून पाणी सांडावं तसा. सोमनाथला थांबायचं होतं, पण जीभ थांबेना. तिसरं नाव. चौथं. पाचवं. प्रत्येक नावाला उत्तर आलं, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जवळून आलं. थाळीवर थाळी ठेवल्यासारखा पत्र्याचा बारीक आवाज झाला. मग सगळं शांत. भिंतीपलीकडचं पाणीसुद्धा थांबलं.

आणि आतून कुणीतरी, अगदी हळू, हजेरी घेतल्यासारखं पुकारलं…

“रामचंद्र…”

“हजर!” सोमनाथ म्हणाला.

म्हणाला आणि त्याच क्षणी कळलं, आपण काय केलं ते. अकरा वर्षांची सवय. ती हाक त्याच्यासाठी नव्हती…

काळोखात पाच जणांनी एकदम सुस्कारा सोडला. बराच काळ वाट बघून हवा तो माणूस सापडावा तसा.

तो कसा पळाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. किनाऱ्यावर येऊन त्यानं यादीचे तुकडे तुकडे केले आणि समुद्रात फेकले. नको तो व्हिसा. गिरिजा समजून घेईल. रडत रडतच त्यानं ठरवलं, नावं द्यायची नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बापापेक्षा बरं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

ऑफिसात अहमद खुशीत होता.

“शाबाश रामचंद्र! अब फिर क्यों आया?”

“साहेब, मैं नाम नहीं देगा…”

“क्या नहीं देगा? आधा घंटा पहले तो दे के गया तू।” अहमदनं टेबलावरचा कागद पुढं सरकवला. अक्षर सोमनाथचंच होतं. कागद ओला होता. त्यावर सहा नावं होती. “वो पाच को धक्के से सीधा गाडी में डाला। और ये छटवाँ, सोमनाथ। मेरे को तो याद भी नहीं आता ये आदमी। खुद आके गाडी में बैठ गया। गाडी एअरपोर्ट को गई।”

“सोमनाथ मी आहे!” तो मराठीतच ओरडला.

“हबीबी, गर्मी सर पे चढ गई क्या? कार्ड देख अपना।”

खोलीत त्याच्या खाटेवर काहीच नव्हतं. सुटकेस नाही, कपडे नाहीत, उशीखालचा समिधाचा फोटोही नाही. दोन दिवस तो वेड्यासारखा प्रत्येकाला आपलं नाव सांगत फिरला. जे उरले होते, त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. नावं देणाऱ्याशी कोण बोलणार?

तिसऱ्या संध्याकाळी त्यानं बूथवरून घरी फोन लावला.

“हॅलो?” गिरिजाचा आवाज.

“गिरिजा, मी बोलतोय…”

“कोण? हे कालच आले तिकडून. आपण त्यांच्या कंपनीतले का?”

पलीकडे समिधाचं हसू ऐकू आलं. मग गिरिजानं रिसीव्हर तोंडाशी धरला असावा, तिचा आवाज एकदम खाली गेला.

“बरं झालं फोन केलात… एक विचारू? तिकडे यांना काही झालं होतं का हो? ‘माझ्यासोबत पाच पाहुणे आलेत’ म्हणतात. पाच पाट मांडायला लावतात… मला तर कोणी दिसत नाही हो.”

गिरिजा आणखी हळू बोलली.

“समिधा मात्र त्या पाचांशी बोलते…”