पुसलेल्या शिट्ट्या

संगणकातून एखादी गोष्ट पुसली, की ती जाते कुठे? खारवेळ गावच्या नीरजाला हा प्रश्न २०६१ सालच्या एका शनिवारी पडला, आणि उत्तर शोधायला तिच्याकडे फारसा वेळ नव्हता.

खारवेळच्या खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन आपल्या पिल्लांना घेऊन येत. प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी वेगळी असते, जणू त्याचं नावच. समुद्रात तरंगणाऱ्या बोयावर बसवलेल्या ध्वनिमुद्रकात (आवाज साठवणाऱ्या यंत्रात) नीरजाने अशा बेचाळीस शिट्ट्या जमवल्या होत्या. मोठ्या जहाजांचा नवा मार्ग तिथूनच काढायचा का, हे सोमवारी बंदर समिती ठरवणार होती. तिथे डॉल्फिन राहतात याचा पुरावा म्हणजे त्या शिट्ट्या.

त्या सकाळी नीरजा घरूनच ध्वनिमुद्रकातले नुसत्या लाटांचे आवाज काढून टाकत होती. घाईत बोट चुकलं आणि शिट्ट्यांचा अख्खा फोल्डर (फायलींचा कप्पा) पुसला गेला.

ती धावत विश्वंभर आजोबांकडे गेली. त्यांनी आयुष्यभर संगणकाच्या स्मृतीवर संशोधन केलं होतं. ते रागावले नाहीत. ध्वनिमुद्रक अजून चालू आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. तो दर दहा मिनिटांनी नवा आवाज साठवतो, असं तिने सांगितलं.

"मग आधी तो थांबवू," म्हणत आजोबा उठले.

पण बंद करायचा खटका बोयावरच होता. दोघं 'पाणकावळा' नावाच्या यंत्रमानव-होडीत बसून निघाले. वाटेत आजोबांनी तिला समजावलं.

"समज, वसतिगृहाच्या फळ्यावर खोल्यांपुढे मुलांची नावं लिहिली आहेत. तू एक नाव पुसलंस. पण मूल अजून खोलीतच आहे. फळा बघणाऱ्याला मात्र खोली रिकामी वाटते, आणि तो तिथे दुसऱ्याला पाठवतो. मग पहिल्याला बाहेर पडावं लागतं."

म्हणजे प्रत्येक नवा आवाज एखाद्या शिट्टीची जागा घेत असणार, हे नीरजाच्या लक्षात आलं. आजोबांनी मान डोलावली. काही यंत्रं रिकाम्या खोल्या लगेच झाडून काढतात, तिथे काहीच हाती लागत नाही. आपल्या ध्वनिमुद्रकातलं, आवाज साठवणारं कार्ड तसं नाही, असंही ते म्हणाले.

बोयाजवळ लाटा उंच होत्या. पाणकावळ्याने परत फिरण्याचा सल्ला दिला. नीरजाने त्याला आणखी जवळ जायला सांगितलं. पहिल्या खेपेला हात निसटला. दुसऱ्या खेपेला आजोबांनी तिचं जाकीट घट्ट धरलं आणि तिने खटका दाबून कार्ड काढलं. तोवर पाच नवे आवाज साठले होते.

घरी आल्यावर आजोबांनी आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत करायला लावली. शोध प्रतीवर घ्यायचा, मूळ कार्डाला हात लावायचा नाही. प्रत्येक ध्वनिफाइलच्या सुरुवातीला ठराविक खुणा असतात. त्या खुणा हुडकत संगणक एकेक कोपरा तपासू लागला. संध्याकाळपर्यंत अडतीस शिट्ट्या सापडल्या. चार कायमच्या गेल्या.

नीरजाला रडू आलं. मग तिने डोळे पुसले आणि बॅकअप (राखीव प्रत) कसा ठेवायचा ते विचारलं.

"तीन प्रती ठेवायच्या," आजोबा म्हणाले, "दोन वेगवेगळ्या साधनांवर. त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि मधूनमधून उघडून बघायच्या. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये."

तिने तिन्ही प्रती वाजवून पाहिल्या, दोन घरी ठेवल्या आणि तिसरी नागपूरच्या मावशीकडे पाठवली.

सोमवारी समितीने अडतीस शिट्ट्या ऐकल्या. जहाजांचा मार्ग वर्षभरासाठी थांबला. तोवर नोंदी चालू ठेवायचं काम समितीने नीरजाला दिलं.

एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रकात एक बारीक, अडखळती शिट्टी आली. आधी कधीच न ऐकलेली. नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू आपलं नाव घोकत होतं. नीरजाने आधी तिच्या तीन प्रती केल्या, आणि मगच आजोबांना हाक मारली.